शेपटी ६ हर्ट्झला का हलते, मॉडेल तर बरोबर आहे

तुमच्या हेलिकॉप्टरच्या टेल बूमचा (शेपटीच्या लांब दांड्याचा) पहिला आडवा मोड, म्हणजे तो आडवा ज्या फ्रीक्वेन्सीला सहज डोलतो ती, तुम्ही रोटरच्या पात्यांच्या फ्रीक्वेन्सीपासून लांब ठेवलात, तरी चाचणीत क्रूझच्या वेगाला शेपटी ६ हर्ट्झच्या आसपास अनियमित थरथरते, असं तुम्ही लिहिलंय. घाईने बूमचं गणिती मॉडेल बदलू नका. आधी भार कुठून येतोय ते शोधा.

उदाहरणाला ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचे आकडे घ्या. चार पाती, २५८ आरपीएम, म्हणजे सेकंदाला ४.३ फेरे. पाती एकसारखी असली की हबमधून (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातून) धडात उतरतं ते मुख्यतः चौपटीचं, १७.२ हर्ट्झचं कंपन. पातीत बिघाड किंवा असमतोल असेल तर ४.३ दिसतं. टेल रोटर (शेपटीवरचा छोटा रोटर) ११९० आरपीएमने फिरतो, म्हणजे १९.८ हर्ट्झ. यात ६ कुठेच बसत नाही.

माझा संशय हबच्या मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांवर आहे. हब, पिच लिंक (पात्यांचा कोन बदलणारे दांडे), मास्ट (रोटरचा उभा दांडा), इंजिनाची काऊलिंग (वरचं आवरण), हे सगळं हवेसाठी बोथट अडथळे. भोवरे सुटण्याची फ्रीक्वेन्सी म्हणजे स्ट्रूहाल संख्या गुणिले वेग भागिले रुंदी. ही संख्या ०.२ धरा, वेग ६० मीटर प्रति सेकंद, अडथळ्याची रुंदी २ मीटर: उत्तर ६ हर्ट्झ. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात ऊर्जा रुंद पट्ट्यात पसरलेली असते. पण बूमचं डॅम्पिंग (कंपन शमवण्याची क्षमता) जेमतेम एक-दोन टक्के, त्यामुळे त्या पट्ट्यातून आपल्याला हवी ती फ्रीक्वेन्सी बूमच उचलतो. यालाच टेल शेक म्हणतात.

खात्री करायला टॅकोमीटरच्या सिग्नलने रोटरशी समकालिक सरासरी काढा आणि ती मूळ सिग्नलमधून वजा करा. उरलेल्यात ६ हर्ट्झ तसाच राहिला, तर तो रोटरच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही. मग साइडस्लिप (हवेच्या झोताशी आडवा कोन) आणि उतरण्याचा दर बदलून तीच नोंद घ्या. भोवऱ्यांचा झोत फिनवरून (शेपटीच्या उभ्या पंखावरून) सरकला की कंपन लक्षणीय बदलायला हवं. फिनवर दाबाचे सेन्सर लावता आले तर फारच उत्तम, कारण मग बूमच्या मुळाशी लावलेल्या स्ट्रेन गेजशी (ताण मोजणाऱ्या सेन्सरशी) कोहेरन्स, म्हणजे दोन्ही सिग्नल कोणत्या फ्रीक्वेन्सीला एकमेकांशी किती जुळतात ते, तपासता येतो. मला विचाराल तर निर्णय या कोहेरन्सच्या आलेखावरच घ्यावा.

फॅटिगसाठी (वारंवार ताणाने धातू थकण्याच्या हिशोबासाठी) दोन्ही फ्रीक्वेन्सींचे भार वेगवेगळे मोजून बेरीज करू नका. १७.२ हर्ट्झला तासाला सुमारे ६२ हजार चक्रं, ६ हर्ट्झला २१,६०० असली, तरी मोठी आवर्तनं त्यांच्या एकत्र येण्याने बनतात. एकत्रित स्ट्रेन सिग्नलवरच रेनफ्लो (ताणाची चक्रं मोजण्याची पद्धत) चालवा.

होव्हर (हवेत एका जागी थांबणं) आणि कमी वेगाचं प्रकरण वेगळं. तिथे डाउनवॉश (रोटरचा खाली येणारा झोत) स्टॅबिलायझरवर (शेपटीच्या आडव्या पंखावर) आदळून नाक वर ढकलतो, म्हणूनच ब्लॅक हॉकला स्टॅबिलेटर, म्हणजे हलणारा आडवा पंख, दिलाय. ते भार तुमच्या या प्रश्नात मिसळू नका.

उपाय करताना बूम कडक करण्याची घाई टाळा. त्याने मोड सरकेल, पण रुंद पट्ट्यातली ऊर्जा नवीन जागीही असू शकते. हबवर टोपी किंवा काऊलिंगचा आकार बदलून भोवरेच कमी करणं किंवा फिनपासून दूर नेणं मी आधी तपासेन.