मावळ्यांचा खेळ आणि शाळेचा अभ्यास

प्रश्न : माझा मुलगा चौथीत शिकतो. दिवाळीत सोसायटीतील मुलांनी मिळून किल्ला केला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी पुठ्ठ्याच्या ढाली व लाकडी तलवारी घेऊन मावळ्यांची लढाई चालू आहे. सुट्टीचा गृहपाठ तसाच पडून आहे. या खेळातून अभ्यासाला पूरक असे काही मुलांच्या पदरी पडते का, की नुसती मारामारीची गोडी लागते?
– एक आई, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. गृहपाठ पूर्ण करून घ्यावाच, पण त्यासाठी हा खेळ बंद करू नका. थोडा वेळ शेजारी बसून ऐकलेत, तर तलवारींची खणाखणी लवकर आटोपते आणि पहाऱ्यावर कोण, निरोप कोणी न्यायचा, दाणागोटा किती दिवस पुरेल यावरचे वाद मात्र लांबत जातात, हे आपल्या लक्षात येईल. शिकणे बहुतांशी त्या वादांतच होते.

गणिताचेच पाहा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आपली फौज अशी मांडू पाहणारे मूल १,२५० पर्यंतचा गुणाकार आपणहून करते, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी पुरवणारा) नेमायचा म्हटला की त्याला भागाकारही करावा लागतो. प्रमाणाचे गणितही किल्ल्यावरच असते. आठ सेंटिमीटरचा मावळा म्हणजे १६० सेंटिमीटरचा माणूस धरला, तर प्रमाण १ : २० होते; त्या प्रमाणात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेला रायगड अंगणात ४१ मीटरचा, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीएवढा करावा लागेल. हे उत्तर हाती आल्यावर खरा गड केवढा असतो याची जी जाण मुलाला येते, ती नुसता आकडा पाठ करून येत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाण्याचा प्रश्न. दगड-विटांवर ओले गोणपाट पसरून त्यावर माती लिंपली, वर करवंटी बसवून टाके केले आणि पाणी ओतले की ते कुठून तरी झिरपते, उतारावर घळी पडतात, बुरूज खचतो. मग अळीव पेरलेल्या बाजूची माती मुळांनी धरून ठेवलेली दिसते आणि उघडी बाजू वाहून गेलेली दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आधी पाणी पाहून मगच गड बांधावा, आणि एकाच पाण्यावर विसंबून राहू नये, असे बजावले आहे ते का, हे मुलांना त्या चिखलात कळते.

इतिहास-भूगोलाबद्दल फार सांगायला नको. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभूंनी खिंडच का अडवली, हे दोन पायऱ्यांमधल्या अरुंद बोळात चार मुलांनी दहांना रोखून पाहिले की वेगळे समजावून द्यावे लागत नाही. निरोप तोंडोतोंड पोहोचताना बदलतो असा अनुभव आला की मुले चिठ्ठ्या लिहू लागतात, आणि भाषेचा सरावही होऊन जातो.

मारामारीची आपली काळजी मात्र रास्त आहे. शस्त्र अंगाला लागता कामा नये आणि ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी थांबायचे, हे नियम मुलांकडूनच ठरवून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शत्रूची भूमिका आळीपाळीने सर्वांकडे जावी. एखाद्या मुलाच्या आडनावावरून वा धर्मावरून त्यालाच कायम शत्रू ठरवले जात असेल, तर मोठ्यांनी त्याच क्षणी हस्तक्षेप केला पाहिजे. महाराजांच्या आरमारात दौलतखानासारखे सरदार होते आणि अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशीच आहे, हेही मुलांना सांगावे.

एक विनंती आहे. खेळ चालू असताना प्रश्न विचारून त्याची शिकवणी करू नका, कारण त्याने मुलांचे मन उडते. रात्री जेवताना मात्र ‘आज गडावर धान्य किती उरले?’ एवढे सहज विचारा आणि हिशेब लिहायला जुनी वही द्या. गृहपाठासाठी सकाळची वेळ ठरवून ती पाळायला लावा. संध्याकाळ गडकऱ्यांची राहू द्या.