सोलापुरात ससे पाळलेत, त्यांच्यासाठी प्रथमोपचार पेटी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या हट्टाने सशांची जोडी घरी आली आहे, पूर्वी कुत्रा होता त्याचा औषधांचा डबा कपाटात पडून आहे, तोच चालेल की सशांसाठी वेगळी पेटी करावी लागेल, आणि त्यातलं सोलापुरात काय काय मिळेल.

वेगळीच करावी लागेल. मी जुळे सोलापुरात बरीच वर्षं ससे पाळतो. माझं ठाम मत आहे की सशाच्या पेटीत काय नको, हे आधी पाठ व्हायला हवं.

कुत्र्याच्या डब्यात गोचीड-पिसवांचा स्प्रे नाहीतर मानेवर सोडायचे थेंब असतीलच. त्यावर ‘फिप्रोनिल’ लिहिलेलं असेल तर ते सशांच्या आसपास आणू नका. कुत्र्याला चालतं, सशाला झटके येतात आणि तो दगावू शकतो. दुसरा धोका आपल्याच घरातल्या औषधांचा. ससा मलूल दिसला की मेडिकलमधून लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप आणून पाजणारी माणसं मी पाहिली आहेत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विष तयार करणारे वाढतात आणि जुलाब लागून जनावर हातचं जातं. ओळखीच्या एका घरात असंच झालं, आणि मूळ दुखणं काय तर शिंका. नायटा-खाजेची मलमंही तशीच. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं, ते कातडीतून आणि चाटून अंगात जातं आणि सशाला स्टिरॉइड फार वाईट. दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मनाने द्यायचं नाही. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात, पण किती द्यायचं ते वजन बघून त्यांनीच ठरवायचं.

आता पेटीत काय हवं ते. सगळ्यात आधी वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल. पेटीत मावणार नाही, पेटीशेजारी ठेवा. तुम्हाला वाटेल याचा प्रथमोपचाराशी काय संबंध. ससा दुखणं लपवतो. रानात जो लंगडतो, कण्हतो तो आधी मारला जातो, त्यामुळे घरातला ससासुद्धा शेवटपर्यंत काही झालंच नाही असा बसून राहतो. दर रविवारी टोपलीत बसवून वजन करा आणि वहीत लिहा. केसांमुळे डोळ्यांना जे दिसत नाही ते काट्यावर दिसतं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

दुसरं म्हणजे डिजिटल थर्मामीटर, टोक वाकणारा मिळाला तर उत्तम, आणि व्हॅसलीनची लहान डबी. सशाचं अंग माणसापेक्षा गरम असतं: साधारण 101.3 ते 104 फॅरनहाइट. म्हणजे आपल्याला 98.6 म्हणजे ठीक वाटतं, पण तेवढं तापमान असलेला ससा गंभीर आहे. तापमान गुदद्वारातून घ्यायचं, टोकाला व्हॅसलीन लावून एक-दीड सेंटीमीटरच आत. ससा मांडीवर पोटावर बसलेला असू द्या, पाठीवर उलटा करू नका. उलटा केला की तो निपचित पडतो, लोकांना वाटतं शांत झाला, प्रत्यक्षात तो भीतीने गोठलेला असतो. एकदा ससा धडधाकट असताना डॉक्टरांकडून हे शिकून घ्या. पहिल्यांदा रात्री दोन वाजता करायची ही गोष्ट नव्हे.

तिसरं, बिनसुईच्या सिरिंजा: 1 मिली, 5 मिली, 10 मिली, प्रत्येकी दोन. मेडिकलमध्ये मागितल्या की मिळतात. सशाच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा जे घडतं त्यासाठी या लागतात. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. गवत खाणं थांबलं, लेंड्या थांबल्या की पोटात वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही आणि हे चक्र वेगाने खाली जातं. त्याला उलटीही होत नाही. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील तर ती तातडीचीच वेळ समजायची. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणं, डोळे अर्धवट मिटणं, दात करकरवणं ही त्याच्या पोटदुखीची लक्षणं. रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्यांकडे नजर टाका. गोल, एकसारख्या, भरपूर असल्या तर पोट चालू आहे. बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसल्या तर त्या दिवसापासूनच लक्ष ठेवा.

अशा वेळी वायूसाठी लहान बाळांचे सिमेथिकोनचे थेंब उपयोगी पडतात. पण बाटली घेताना मागचं लेबल नीट वाचा. आपल्याकडे बाळांच्या पोटदुखीच्या बऱ्याच थेंबांत सिमेथिकोनबरोबर डायसायक्लोमीन असतं. ते पोटाची कळ थांबवतं ते आतड्याची हालचाल मंद करून, आणि सशाला नेमकं तेच नको असतं. निव्वळ सिमेथिकोनचे थेंब घ्या, आणि तुमच्या सशांच्या वजनाला किती द्यायचे ते डॉक्टरांना आताच विचारून बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

भरवण्यासाठी सशाच्या पेलेटचं पाकीट हवं, त्यातली थोडी मिक्सरमधून बारीक करून हवाबंद डबीत ठेवावी. वेळ आली की कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सिरिंजमधून ओढता येईल इतकी पातळ पेज करायची. सशाच्या पुढच्या दातांमागे, दाढांच्या आधी, जबड्यात मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक ओठाच्या बाजूने तिथे सरकवायचं. समोरून मध्ये घातली तर पेज श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. एका वेळी अर्धा-एक मिली सोडायची आणि थांबायचं. जबडा बाजूबाजूला हलायला लागतो, मिशा हलतात, गिळलेलं कळतं, मग पुढचं. किलोमागे साधारण 10 मिली एका बैठकीला पुरे, दिवसातून चार-पाच वेळा. पण पोट ढोलासारखं ताणलेलं असेल, अंग थंड पडलं असेल किंवा गिळताच येत नसेल तर काही भरवू नका. तिथे भरवल्याने जीव जातो. अशा सशाला आधी ऊब द्या: कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून कुशीला ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

आता सोलापूरचा उन्हाळा. याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या वर जातो आणि सशाला 28-30 अंशांपासूनच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करताही येत नाही, त्याची उष्णता कानांतून बाहेर पडते. पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिंजरा असेल तर आजच खाली आणा. शहाबादी फरशीचा एक तुकडा पिंजऱ्यात ठेवा, ससे आपणहून त्यावर पसरतात. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर इथे चांगलं काम देतो. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्यात. वीज गेली की पंच्यात गुंडाळून सशाशेजारी ठेवायच्या.

ऊन बाधल्याची खूण म्हणजे कान तापलेले आणि लाल, श्वास जलद, नाक ओलं, ससा आडवा पसरलेला. तोंड उघडून श्वास घेत असेल तर फार उशीर झालाय असं समजा, कारण ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. लगेच सावलीत आणा, साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करा, पंखा लावा. बर्फाचं पाणी नको, बादलीत बुडवणं तर अजिबात नको, त्या धक्क्यानेच तो दगावतो. शुद्धीत असेल तर वाटीत पाणी पुढे ठेवा, जबरदस्तीने पाजू नका. बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवा.

सशाला गुंडाळायला कापड लागतं. इथे सोलापूरकर पटकन आपला टेरी टॉवेल पुढे करतो. तो पुसायला उत्तम, पण गुंडाळायला घेऊ नका. त्याच्या फासांत सशाची नखं अडकतात, तो झटका मारतो आणि नख उपटून निघतं. जुनी, धुऊन मऊ झालेली चादर किंवा साधा सुती पंचा घ्या. ससा मध्ये ठेवून दोन्ही बाजू घट्ट आवळायच्या, फक्त डोकं बाहेर. मागचे पाय मोकळे राहिले की तो इतक्या जोराने लाथ झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो, म्हणून उचलताना एक हात कायम ढुंगणाखाली हवा. हे मुलीला नक्की शिकवा.

जखमांचं सामान थोडं आहे: नॉर्मल सलाइनची छोटी बाटली, गॉज, बीटाडीन, आणि स्वतःलाच चिकटणारं बँडेज. साधी चिकटपट्टी केसांवर लावू नका, काढताना पातळ कातडी फाटते. बीटाडीन तसंच ओतायचं नाही, पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं करायचं. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. हळदही भरू नका, पूड जखमेत बसून राहते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. मांजराचा दात लागला असेल तर टाचणीएवढ्या जखमेलाही डॉक्टर हवेतच, त्या तोंडातले जंतू आत पू करतात. नखं कापताना शीर लागून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा, थांबतं.

पावसाळ्यात आणखी एक. ससा जाड असेल किंवा पातळ शी होत असेल तर मागचा भाग ओला राहतो, त्यावर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. जनावराच्या जखमेत अळ्या दिसल्या की गावाकडे टर्पेंटाइन ओततात. सशाला ते कधीही लावू नका. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढा, केस भिजवू नका आणि त्याच तासाला दवाखान्यात न्या. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ मागे हात फिरवून बघण्याची सवय ठेवा.

खाण्यातून होणारे अपघातही याच पेटीचा विषय आहेत. भाकरी, पाव, बिस्किट प्रेमाने दिलं जातं आणि पोट त्यानेच बिघडतं. मुख्य खाणं वाळलेलं गवत. लसूणघास मोठ्या सशाला रोज पोटभर देऊ नका, त्यात कॅल्शियम फार. कोवळ्या ज्वारीची पात तर नाहीच. गुरांना तिने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्या भागात कुणालाही सांगायला नको, सशाचा तर जीव केवढासा. लघवी लालसर-नारिंगी दिसली तर घाबरू नका, पाल्याच्या रंगामुळे तशी होते. पण रक्ताच्या रेघा किंवा गुठळ्या दिसल्या, कुंथत असेल, तर दाखवा.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर प्रत्येक सशाचं वजन, चालू असलेलं औषध आणि डॉक्टरांचे नंबर लिहा. सोलापुरात गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ, पण सशावर हात बसलेला डॉक्टर शोधावा लागतो. म्हणून ससे ठणठणीत असतानाच दोन-तीन दवाखान्यांत फोन करा आणि विचारा: सशांना बघता का, तोंडावाटे कोणतं अँटिबायोटिक देता, रविवारी कोण असतं? दुसऱ्या प्रश्नाला जो ‘अमॉक्सिसिलिन’ म्हणेल त्याचा नंबर कागदावर लिहू नका. पुण्यातल्याही एका दवाखान्याचा नंबर असू द्या. अडीचशे किलोमीटर आजारी सशाला नेणं अवघड, पण तिथले डॉक्टर आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलले तरी मोठी मदत होते.

नेण्यासाठी झाकणाची, हवा खेळणारी टोपली किंवा कॅरिअर तयार असू द्या, तळाशी चादरीची घडी आणि मूठभर गवत. एकाला नेताना दुसऱ्यालाही बरोबर न्या, जोडीदार शेजारी असला की आजारी ससा कमी घाबरतो, आणि परत आल्यावर वासामुळे भांडणंही होत नाहीत. दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं तेव्हा, तुमचं घर त्या बाजूला असेल तर, टोपली आतल्या खोलीत ठेवून वर जाड चादर टाका, हवा जाईल इतकी फट ठेवून.

जोडी नर-मादी आहे का तेही याच फेरीत तपासून घ्या. सशिणीचा गर्भकाळ जेमतेम महिनाभराचा, आणि दोन्ही नर निघाले तर वयात आल्यावर चावाचावी ठरलेली. तुम्ही त्यांचं वय लिहिलेलं नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतली पिल्लं असतील तर जुलाबाला मोठ्या सशाइतकाही वेळ मिळत नाही, पहिली पातळ शी दिसताच निघा. वय आणि वजन कळवलंत तर भरवण्याचं प्रमाण नेमकं सांगता येईल.