डिसेंबरात आवडलेले घर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली १६ वर्षे आम्ही नाशिकला राहत आहोत. माझ्या यजमानांना आता जळगावच्या विद्यापीठात नोकरी मिळाली असून जूनपूर्वी बिऱ्हाड हलवायचे आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. मुलगी जूनमध्ये नववीत जाईल आणि सायकलने शाळेत जाते. नातेवाईक म्हणतात की महाबळ किंवा रामानंदनगर सोडून दुसरीकडे पाहूच नका. दलालाने मात्र महामार्गालगतच्या एका नव्या इमारतीत चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला आहे. त्याला पश्चिमेकडे मोठी बाल्कनी आहे आणि भाडे भरत बसण्यापेक्षा तो विकतच घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. डिसेंबरमध्ये पाहिला तेव्हा फ्लॅट आम्हा सर्वांना फार आवडला. वस्ती नेमकी कशावरून निवडावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डिसेंबरात जळगावातले कोणतेही घर आवडते, म्हणून त्या आवडीला फारसे महत्त्व देऊ नये. खानदेशात घराची परीक्षा एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. अशा दिवसांत सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर जी उष्णता साठवतो, ती मध्यरात्र उलटेपर्यंत खोल्यांत सोडत राहतो, आणि पश्चिमेची भिंत दुपारी तीननंतर हात लावू देत नाही. मी स्वतः पहिल्यांदा येथे बिऱ्हाड केले तेव्हा अशाच एका बाल्कनीला भुललो होतो. मार्चअखेर तिचे दार लावले, ते मृग लागल्यावरच उघडले. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर का असे, हे मला त्या उन्हाळ्यात कळले. तेव्हा शक्य असेल तर एप्रिलच्या अखेरीस एक दिवस या, दुपारी चार वाजता त्या फ्लॅटमध्ये अर्धा तास बसा आणि मगच दलालाशी पुढचे बोला.

नाशिकहून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही अशी गोष्ट म्हणजे येथे उन्हाचा प्रश्न हाच पाण्याचाही प्रश्न असतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम चालतो, परंतु मोठ्या कूलरला दिवसाकाठी चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागते, आणि ज्या दिवसांत कूलरला पाणी हवे त्याच दिवसांत नळाचे पाणी कमी पडते. जळगावला वाघूर धरणातून पाणी येते. मात्र धरण भरलेले असले म्हणजे प्रत्येक गल्लीत सारखे पाणी पोहोचते असे नाही, कारण जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या किंवा चढावर असलेल्या घरांना त्याच वस्तीतल्या इतरांपेक्षा कमी दाबाने पाणी मिळते. यासंबंधी घरमालकाला किंवा दलालाला विचारण्यात अर्थ नाही. त्या गल्लीत भाजी घेणाऱ्या दोन-तीन बायकांना विचारावे की नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो आणि किती वेळ राहतो, मोटार लावल्याशिवाय बादली भरते का, इमारतीचा हौद केवढा आहे आणि बोअर मे महिन्यात आटते का. टँकर मागवावा लागत असेल तर त्याचे पैसे कोण देते, हेही तेथेच समजेल. पाच मिनिटांच्या या बोलण्यातून शेजार कसा आहे याचाही अंदाज येतो.

आता वस्तीच्या नावांविषयी. महाबळ, रामानंदनगर हे भाग रुळलेले आहेत, तेव्हा नातेवाईकांचा सल्ला चुकीचा नाही. परंतु एवढ्या मोठ्या भागात चांगल्या गल्ल्याही आहेत आणि गैरसोयीच्याही. त्यापेक्षा जळगावचा नकाशा समोर ठेवून दोन रेषा पाहाव्यात. एक रेल्वेची आणि दुसरी सुरत-नागपूर महामार्गाची, जो पूर्वी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ क्रमांकाचा आहे. हा महामार्ग भर वस्तीतून पूर्व-पश्चिम गेलेला असून त्याला समांतर रस्ते असावेत ही मागणी गावाने वर्षानुवर्षे केली आहे, यावरूनच तो ओलांडणे किती जिकिरीचे आहे हे लक्षात येईल. विद्यापीठ शहराच्या पश्चिमेला, गिरणा नदी ओलांडून बांभोरीच्या बाजूला आहे. त्यामुळे खोटेनगर किंवा पिंप्राळ्याच्या बाजूला घर घेतल्यास यजमानांचे जाणे-येणे निश्चितच सोपे होईल.

तरीही मी तसे सुचवणार नाही, निदान केवळ त्या कारणासाठी नाही. कमावत्या माणसाच्या सोयीने वस्ती ठरवायची अशी आपल्याकडे रीत पडली आहे, वास्तविक तो माणूस दिवसातले दहा तास वस्तीत नसतोच आणि स्वतःच्या वाहनाने कोठूनही कोठेही जाऊ शकतो. वस्ती खऱ्या अर्थाने ज्यांना लागते त्या सासूबाई आणि सायकलवर फिरणारी मुलगी. म्हणून आधी शाळा निश्चित करा. नाशिक आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नाशिक विभागातच येतात, तेव्हा मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर मंडळ बदलण्याची काळजी नाही. त्यानंतर महामार्गाच्या ज्या बाजूला शाळा आणि शिकवणीचे वर्ग असतील, त्याच बाजूला घर पाहा, मग यजमानांना रोज चार-पाच किलोमीटर जास्त जावे लागले तरी चालेल. शिकवणी सुटते त्या वेळी, म्हणजे रात्री साडेआठच्या सुमारास, त्या रस्त्याने एकदा चालून पाहा. दिवे आहेत का आणि दुकाने उघडी असतात का, हे दिवसा कळत नाही. सासूबाईंसाठी तळमजलाच घ्या. लिफ्ट आहे असे दलाल सांगेल, पण वीज गेल्यावर ती चालते का, हे तो आपणहून सांगणार नाही. दवाखाना, किराणा आणि बसायला एखादे देऊळ किंवा बाग त्यांना पायी गाठता आली, तर बिऱ्हाड बदलल्याचे दुःख पुष्कळ कमी होते.

विकत घेण्याची घाई तर मुळीच करू नये. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया नीट न घेतलेल्या नव्या बांधकामाच्या भिंतींना तडे जातात आणि फरशी बसते. हे दोष एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय दिसत नाहीत. आधी वर्षभर भाड्याने राहा. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा ‘आपल्यात कशाला कागद’ असे म्हणणाऱ्या मालकाचे घर सोडून द्यावे. आणखी एक विचारून घ्या : गच्चीची किल्ली कोणाकडे असते? येथे उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया गच्चीवर वाळतात, आणि वीज गेली की अंथरुणेही तेथेच जातात.

प्रश्न : मी सुरतेत कापडाच्या धंद्यात ३० वर्षे काढली असून आता धुळ्यात स्थायिक व्हायचे आहे. मूळ गाव साक्री तालुक्यात आहे. पांझरेच्या काठाजवळ एक प्लॉट स्वस्तात मिळत आहे आणि सात-बारावर नाव लावून देण्याची हमी विक्रेता देतो. मुलाचा मात्र विरोध आहे. काय करावे?
— एक वाचक, सुरत

उत्तर : मुलाचे ऐकावे. पांझरा वर्षातले बरेच महिने रोडावलेली दिसते आणि त्यामुळेच माणसे फसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिला मोठा पूर आला तेव्हा धुळ्यातले सखल पूल पाण्याखाली गेले होते. वर साक्री तालुक्यात अक्कलपाडा धरण आहे आणि ते भरल्यावर विसर्ग सोडावाच लागतो, हे आपल्याला आपल्या गावाकडून ठाऊक असेलच. प्लॉट पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे लेखी मागा. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते.

सात-बारावर सामाईक नाव लागणे म्हणजे प्लॉट मिळणे नव्हे. बिनशेतीचा आदेश, मंजूर अभिन्यासाचा (ले-आउटचा) नकाशा आणि विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण नसल्याचा दाखला, हे तीन कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्राचे प्लॉट पाडून विकले जात असतील तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणीही लागते. ‘पुढे गुंठेवारीत (मंजुरीविना पाडलेले लहान प्लॉट नियमित करण्याच्या योजनेत) नियमित होईल’ हे वाक्य कानावर आले, की उठून यावे.

पांझरेपलीकडचा देवपूर भागच मनात असेल तर नदीपासून लांब, मोठ्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जवळ पाहा. मात्र आपले पुढचे जाणे-येणे गावाकडेच होणार असल्याने मी साक्री रस्त्याच्या बाजूला एखादे तयार, आठ-दहा वर्षे वापरातले घर शोधीन, कारण ते काळ्या मातीत कसे उभे राहिले आहे हे भिंतींवरच दिसते आणि गावाची गाडी पकडायला पूल ओलांडावा लागत नाही.