काचेला चिकटलेला वाघ

वाचकांचे प्रश्न : घरातले शिकारीचे जुने फोटो

प्रश्न : वाड्यात पणजोबांचा चौकटीतला फोटो आहे. पुढ्यात वाघ, मागे बंदूक घेऊन पणजोबा, शेजारी दहा-बारा माणसं. भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. कडेला चंदेरी-निळसर झाक आली आहे. सोडवायचा कसा?
– एक वाचक, वाई

उत्तर : सोडवू नका. त्या काळच्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातल्या चांदीच्या बारीक कणांचं असतं. ओल लागली की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि काचेला धरतं. वाळलं की सरसासारखं घट्ट बसतं. ब्लेड घालून किंवा गरम हवा मारून ओढलात तर कागद हातात येईल आणि पणजोबांचा चेहरा काचेवर राहील. पाण्यात भिजवून सोडवायचा उपायही कुणीतरी सांगेल. फोटो हाताने रंगवलेला असेल तर त्याने रंग जातो, आणि बुरशीने थर आधीच कुजलेला असेल तर थरच विरघळतो. हे काम अभिलेखागारातल्या जाणकाराचं, घरच्या परातीतलं नव्हे.

घरी करण्यासारखं एवढंच. चौकट मऊ कापडावर पालथी घाला. मागच्या चुका पक्कडीने सरळ ओढून काढा, पुठ्ठा अलगद उचला. तो तपकिरी होऊन तुटत असेल तर त्यातलं आम्ल फोटोच्या कागदात उतरतं आहे. तो बदलायचाच, पण टाकण्याआधी त्यावरचं अक्षर न् अक्षर पाहा. ‘दक्षिण सातारा’ असा शिक्का सापडला तर तो 1949 ते 1960 मधला, कारण सांगली जिल्ह्याचं तेव्हा तेच नाव होतं. संस्थानाच्या छायाचित्रकाराचा शिक्का बहुधा मार्च 1948 च्या आधीचा, म्हणजे सांगली, औंध, फलटण, जत ही संस्थानं विलीन होण्यापूर्वीचा.

मग काचेसकटच फोटोचा फोटो घ्या. काच बाहेरून ओलसर कापडाने पुसा. फवारा मारला तर पाणी कडेने आत शिरतं. उजेड एका बाजूने 45 अंशांनी येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा. काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून कॅमेरा धरला की काचेत तुमचं प्रतिबिंब उमटत नाही. हलक्या, पातळ स्कॅनरवर असा फोटो ठेवू नका. त्याला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. चौकटीच्या कडेने किंवा काचेच्या जाडीने मधे दोन-तीन मिलिमीटर अंतर पडलं तरी चित्र धुरकटतं.

ती चंदेरी झाक म्हणजे थरातली चांदी हवेतल्या दमटपणाने आणि गंधकाच्या वाफांनी वर आलेली असते. पुसून ती जात नाही, चित्र मात्र झिजतं. नवी चौकट करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची दोन-तीन मिलिमीटरची किनार ठेवायला सांगा आणि ती आतल्या भिंतीवर टांगा. वाई-महाबळेश्वर पट्ट्यात बाहेरची भिंत जून ते सप्टेंबर ओलीच असते.

प्रश्न : आजोबांनी पाटण खोऱ्यात ‘वाघ’ मारला असं घरात सगळे सांगतात. फोटो धूसर आहे. तो पट्टेरी होता की बिबट्या, कसं ओळखायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याकडे खेडोपाडी बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे सांगणाऱ्याचं खोटं नसतं. पण फोटो नीट वाचावा लागतो. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. पट्टेरी वाघाचं भगवं अंग त्यात काळवंडून येतं आणि पट्टे बुडतात. म्हणून आधी पाठीकडे पाहू नका. पोट, गाल आणि डोळ्यांवरचा भाग पांढरा असतो, तिथे पट्टे उरलेले दिसतात. पुढच्या पायाची बाहेरची बाजू जवळजवळ कोरी असेल तर पट्टेरी, खालपर्यंत भरीव ठिपके असतील तर बिबट्या.

आकारावर विसंबू नका. शिकार करणारा माणूस मेलेल्या जनावराच्या मागे चार पावलं बसे आणि कॅमेरा खाली, जवळ लावलेला असे. साडेसहा फुटी बिबट्याही त्यात नऊ फुटी वाटतो. बंदूक जनावराच्या अंगावरच ठेवलेली असेल तरच माप काढता येतं. दुनळी बंदूक साधारण 45 इंच धरा आणि त्या मानाने डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा.

तिसरी शक्यता विसरू नका. जनावर जिवंत, सडपातळ, बैलगाडीवर किंवा खाटेवर बसलेलं, गळ्यात पट्टा, डोळ्यांवर टोपी, असं असेल तर तो काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेला चित्ता. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ आणि सुटे भरीव ठिपके ही त्याची खूण. शेजारच्या कोल्हापूर दरबाराकडे असे चित्ते होते आणि पुढे ते आफ्रिकेतून आणवले जात. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं, म्हणून असा फोटो फार जपावा. आटपाडी-माण-जतच्या माळावरच्या फोटोत माळढोक पक्षी दिसला, तर तेही तितकंच मोलाचं.

प्रश्न : नवी पिढी म्हणते, मारलेल्या जनावरांचे फोटो कशाला ठेवायचे, जाळून टाका. आणि असे फोटो घरात ठेवणं गुन्हा आहे का? माडीवर एक कातडंही आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : फोटो ठेवणं गुन्हा नाही. कातड्याचं तसं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला मालकी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राची वस्तू वारसाने आली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. ती विकता येत नाही. नको असेल तर 2022 च्या दुरुस्तीनुसार स्वखुशीने जमा करता येते, मोबदला मिळत नाही. जाहीर न केलेल्या वस्तूंसाठी 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत मिळाली होती, ती केव्हाच संपली. कागद सापडत नसतील तर कातडं हलवण्याआधी वकिलाला विचारा आणि वनविभागाच्या कार्यालयात जा. कातड्यासोबतचे फोटो मात्र जपा, ते किती जुनं हे त्यांवरूनच दाखवता येतं.

जाळण्याबद्दल आमचं म्हणणं ठाम आहे : नका जाळू. शिकार आज कुणालाही पटणार नाही, पटूही नये. पण मेलेल्या जनावरावरून नजर फोटोच्या कडांकडे न्या. तिथे अनवाणी हाकारे, म्हणजे गलका करून जनावर बंदुकीसमोर हाकलणारी माणसं, उभे असतात, हातात काठ्या, डबे, ढोलकी. हाकाऱ्यात जिवाची जोखीम त्यांची असे आणि पाठीमागच्या अक्षरात नाव फक्त बंदूकवाल्याचं असे. कोयनेच्या खोऱ्यातला फोटो असेल तर मागची वाडी कदाचित कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली असेल. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाआधीची घरं, छपरं, देवळाचा कळस अशा फोटोंत सहज सापडतो. कुठल्या डोंगरावर तेव्हा किती झाडी होती हेही दिसतं.

म्हणून नावं आत्ता लिहून घ्या. मोठी प्रत काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक माणसाची बाह्यरेषा काढून आकडा द्या आणि वडीलधाऱ्यांजवळ बसा. “काही आठवतं का?” असं विचारलं तर “फार वर्षं झाली बाबा” एवढंच उत्तर येतं. “हा सात नंबर, मुंडाशाला गाठ मारलेला, कुठल्या वाडीचा?” असं विचारा. एक नाव आठवलं की शेजारची तीन येतात. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. घरापुरतं थांबू नका. हाकाऱ्यांच्या वस्तीत प्रत घेऊन जा. त्यांच्या नातवंडांकडे आजोबांचा दुसरा फोटो बहुधा नसतो.

प्रश्न : चार भावंडांत एक अल्बम. वाटणी करावी का? आणि स्कॅन किती डीपीआयवर?
– एक वाचक, विटा

उत्तर : अल्बम फोडू नका, पानांचा क्रमच माहिती असतो. तो एकाकडे राहू द्या, स्कॅन चौघांकडे. पोस्टकार्ड आकाराला 600 डीपीआय (म्हणजे इंचाला 600 ठिपके), 6×9 सेंटिमीटरच्या छोट्या प्रतीला 1200. 300 वर छोटी प्रत जेमतेम 700 बाय 1060 पिक्सेल भरते आणि हाकाऱ्याचा चेहरा ठिपक्यांत जातो. कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा, डाग आणि शाई वेगळी ओळखता येते. मूळ फाइल टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलच्या प्रकारात) ठेवा आणि पाठही स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

मूळ फोटोंच्या पाठीवर बॉलपेन नको, मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिहा. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि चिकट पानांचे प्लॅस्टिक अल्बम टाळा. डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर लागते ती खळीला आणि जिलेटिनला, त्यावर उपाय कोरडी जागा आणि दर चार महिन्यांनी उघडून पाहणं. डब्यात जुन्या निगेटिव्ह असतील आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर त्या फोटोंपासून त्याच दिवशी वेगळ्या करा आणि सर्वात आधी त्याच स्कॅन करा. त्या आक्रसत जातात, मग सपाट होत नाहीत.