शांतता मंडळ काढताय? आधी न बोलणाऱ्यांना एका कामाला बसवा

कॉलेजात शांतता मंडळ काढायचंय, २१ सप्टेंबरच्या शांतता दिनाला फेरी आणि व्याख्यान ठरतंय, पुढे शेजारच्या वस्तीतही जायचंय. आणखी काय करावं, असं तुम्ही विचारलंत. फेरी जरूर काढा. पण इतकी वर्षं या कामात काढल्यावर एक दिसलं: ज्यांचं कुणाशी वाकडं नसतं, तीच मुलं फेरीला येतात.

ज्यांच्यात बोलणं बंद आहे, त्यांना एकमेकांवाचून अडेल असं काम द्या. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानेच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी वर्गात पाहिलं, तर सगळी चढाओढ शिक्षकांची शाबासकी मिळवण्यासाठी; एकाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याला आनंद. त्यांनी उपदेश केला नाही, धड्याचे तुकडे केले. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येकाकडे एकच तुकडा, तो त्यानेच बाकीच्यांना समजवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. ज्याला सगळे हसायचे, त्याचंही नीट ऐकून घेणं भाग पडलं. हे तुम्ही उद्याच्या तासाला करू शकता, खर्च शून्य.

वस्तीत आम्ही चुकलो ते बरोबरीच्या बाबतीत. आमची मुलं शिकवणारी, लोक ऐकणारे. सगळे माना डोलवायचे आणि घरी जायचे. मग विषय लोकांनीच ठरवला: मुलांच्या खेळायच्या जागेवरून दोन गल्ल्यांत चाललेलं भांडण. बैठक त्यांनीच चालवली, आम्ही फक्त टिपणं घेतली. तिथून कामाने जोर धरला.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६४ मध्येच फरक दाखवला होता: हिंसा थांबणं ही नकारात्मक शांतता, न्याय्य संबंध उभे राहणं ही सकारात्मक. वसतिगृहातल्या खोल्या वशिल्याने वाटल्या जात असतील, तर मुलांना गोल बसवून मनं मोकळी करायला लावू नका. आधी वाटप सुधारायला लावा. मार खाल्लेल्या मुलाला मारणाऱ्यासमोर तर त्याला एकट्यात विचारल्याशिवाय कधीच बसवू नका. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच थांबवायचा, आणि त्याची तक्रार रीतसर पुढे न्यायची.