गाईच्या मेंदूतल्या केशवाहिन्या स्लाइडवर साध्याच का दिसतात?

तुमचा प्रश्न असा: प्रॅक्टिकलला गाईच्या मेंदूची स्लाइड पाहिली, केशवाहिन्या स्नायूतल्यासारख्याच दिसल्या, मग मेंदूतल्या वेगळ्या कशावरून?

तुमची नजर चुकलेली नाही. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना मलाही हेच वाटायचं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात दिसतं ते एवढंच: चपटं जांभळं केंद्रक आणि आत एकामागे एक लागलेल्या तांबड्या पेशी. केंद्रकाची जागा सोडली तर भिंत मायक्रोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी पातळ. साधा सूक्ष्मदर्शक तिथे थकतो. (एक अडचण आपल्याकडची. एप्रिल-मेच्या उन्हात मेलेल्या जनावराचा मेंदू काही तासांत लिबलिबीत होतो. तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेला नसेल, तर जे दिसतं तेही बिघडलेलं असतं.)

खरा फरक भिंतीच्या पेशींच्या सांध्यात आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहिला तर बऱ्याचदा एकाच पेशीनं सुरळीसारखा वेढा देऊन अख्खी पोकळी बनवलेली असते. तिची एक कड तिच्याच दुसऱ्या कडेवर चढलेली. ही कड क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिनसारख्या प्रथिनांनी पक्की शिवलेली असते. मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला चक्क छिद्रं असतात. इथे छिद्र नाही, माल वाहणाऱ्या पुटिकाही मोजक्याच. मायटोकॉन्ड्रिया मात्र भरपूर, कारण काय आत घ्यायचं आणि काय बाहेर फेकायचं, हे काम ऊर्जा खातं. बाहेरून पायाभूत पटल हा पातळ पडदा, त्यातच पेरिसाइट या भिंतीला बिलगलेल्या पेशी, आणि त्याभोवती ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींच्या पायांचं, म्हणजे पसरट टोकांचं, अस्तर.

हे पायच रक्तातल्या पदार्थांना मेंदूत शिरण्यापासून अडवतात, असं पूर्वी अनेकांना वाटे. १९६७ साली रीझ आणि कार्नोव्हस्की या संशोधकांनी उंदराच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे सूक्ष्मदर्शकाखाली माग काढता येणारं विकर सोडलं. ते पायांपर्यंत पोचलंच नाही, पेशींच्या सांध्यातच अडकलं. पण पाय बिनकामाचे नाहीत. गाईचा मेंदू मोठा, एकातूनच पुष्कळ केशवाहिन्या मिळतात, म्हणून प्रयोगशाळांत त्यांच्या भिंतीच्या पेशी वाढवतात. एकट्या वाढवल्या की सांधे सैल पडतात. १९९० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यांच्या जोडीला उंदराचे ॲस्ट्रोसाइट ठेवले, तेव्हा सांधे आवळले. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं: शेजारी असेल तरच पेशी आपलं काम नीट करते.

माझ्या रोजच्या कामात हा सांधा औषधाच्या वेळी आठवतो. निरोगी मेंदूत पेनिसिलिन फारसं शिरत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आली की सांधे सैल होतात आणि ते आत जातं. मागे कंधारकडच्या एका लाल कंधारी कालवडीला अशाच सुजेचा ताप होता. तिसऱ्या दिवशी ती उठून चारा खाऊ लागली. मालक म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता डोस कमी करा की.” मी केला नाही. सूज उतरते तशी ती वाट पुन्हा बंद होते, म्हणून शेवटचं इंजेक्शनही पहिल्याएवढंच दिलं.