वाचकांचे प्रश्न : बेनिन रस्त्याने पाहताना

प्रश्न : आमचा काजूप्रक्रियेचा छोटा घरगुती कारखाना आहे. वडिलांच्या काळापासून कच्च्या बियांच्या गोण्यांवर ‘बेनिन’ हे नाव वाचत आलो आहोत. येत्या जानेवारीत मी व पत्नी त्या देशात जाण्याचा विचार करीत आहोत. हाताशी आठ दिवस आहेत. दक्षिणेच्या समुद्रापासून उत्तरेच्या पेंजारी अभयारण्यापर्यंत सगळा देश मोटारीने पाहून होईल काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नकाशावर पश्चिम आफ्रिकेतील बेनिन ही एक अरुंद उभी पट्टी दिसते. समुद्रकिनारा जेमतेम १२१ किलोमीटरचा, पण उत्तर सीमेपर्यंतची लांबी सुमारे सातशे किलोमीटर. त्यामुळे आठ दिवसांत टोकापासून टोकापर्यंत जाऊन परतायचे म्हटले, तर निम्मा वेळ गाडीतच जाईल. मात्र उत्तरेला जाऊ नये असे मी म्हणतो, त्याचे खरे कारण अंतर हे नव्हे. पेंजारीत २०१९ मध्ये दोन फ्रेंच पर्यटकांचे अपहरण झाले आणि त्यांचा स्थानिक वाटाड्या मारला गेला. २०२५ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये बुर्किना फासो आणि नायजर यांच्या सीमांलगतच्या याच टापूत सशस्त्र गटांनी लष्करी ठाण्यांवर हल्ले करून अनेक सैनिकांचे बळी घेतले. हत्ती आणि सिंह पाहण्यासाठी आफ्रिकेत अन्य सुरक्षित जागा आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये कोतोनू शहरात लष्करी बंडाचा एक प्रयत्नही होऊन फसला, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना अवश्य पाहाव्यात.

माझा आग्रह असा, की आपण देशाचा दक्षिणेकडील तिसरा हिस्साच घ्यावा आणि तो विशिष्ट क्रमाने पाहावा. बहुतेक प्रवासी कोतोनूहून चाळीसेक किलोमीटरवरचे उईदा हे किनाऱ्यावरचे गाव आधी उरकतात आणि मग आत अबोमेला जातात. हा क्रम उलटा करावा. गुलामांच्या व्यापाराच्या काळात माणसे आतल्या मुलखातून धरून किनाऱ्याकडे आणली जात. अबोमे ही ती धरणाऱ्या दाहोमे राज्याची राजधानी होती आणि उईदा हे ती विकली जाण्याचे बंदर होते. ज्या दिशेने ती माणसे चालली, त्याच दिशेने आपण गेलो, तर दोन्ही गावांचा एकमेकांशी असलेला संबंध ध्यानात येतो.

पहिला दिवस कोतोनूत विश्रांतीला ठेवावा. शासनाचा कारभार याच शहरातून चालतो. घटनेनुसार राजधानी मात्र तीसेक किलोमीटरवरची पोर्तो-नोव्हो आहे. दुसऱ्या दिवशी तिथे जावे. ब्राझीलहून परतलेल्या मुक्त गुलामांच्या वंशजांच्या वास्तुशैलीत, १९१२ ते १९३५ या काळात बांधलेली तिथली मोठी मशीद लांबून एखाद्या चर्चसारखी दिसते, ती चुकवू नये. शेतीशी संबंध असलेल्या माणसाने तर तिथले सोंगाई केंद्रही पाहावे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पीक, पशुपालन, मासे आणि जैववायू यांची एकमेकांत गुंफलेली शेती तरुणांना शिकवली जाते.

तिसऱ्या दिवशी कोतोनूलगतच्या अबोमे-कालावीच्या धक्क्यावरून होडीने नोकुए सरोवरातील गांव्ये पाहावे. लाकडी खांबांवर उभी घरे आणि होड्यांवर भरणारा बाजार यांची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात, पण ही वस्ती पाण्यात का गेली हे थोड्यांनाच ठाऊक असते. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवण्यासाठी तोफिनू लोकांनी हे सरोवर गाठले; दाहोमेच्या फॉन जमातीच्या सैनिकांना धर्मानुसार पाण्यावर चढाई वर्ज्य होती, असे परंपरेने सांगतात. सरोवराच्या तळात झाडांच्या फांद्या दाटीने रोवून मासे वाढवण्याची तिथली पद्धत ‘अकाजा’ या नावाने ओळखली जाते. कोकणातल्या माणसाने ती नावाड्याला थांबवून नीट पाहावी.

चौथ्या दिवशी उत्तरेकडे निघावे. वाटेत अल्लादा लागते. आसपासचे पठार साखरेसारख्या गोड अननसासाठी प्रसिद्ध आहे. अबोमेत दोन दिवस काढावेत, असे मी आवर्जून सांगतो. सतराव्या शतकापासून एकामागून एक बारा राजांनी इथे राज्य केले. प्रत्येक नव्या राजाने आधीच्याच्या शेजारी स्वतःचा वाडा बांधला आणि त्यांतून मातीच्या भिंतींचे विस्तीर्ण आवार तयार झाले. १९८५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. भिंतींवरील उठावचित्रांत राजांची प्रतीके, लढाया आणि विजय कोरलेले आहेत. गेझोचा रेडा व ग्लेलेचा सिंह ओळखायला शिकलात की पुढच्या भिंती आपोआप वाचता येतात. या राज्यात स्त्रियांची स्वतंत्र लढाऊ पलटण होती आणि १८९० च्या दशकात ती फ्रेंच फौजेशी प्राणपणाने लढली. १८९२ मध्ये शत्रू जवळ येताच बेहांझिन राजाने आपलेच वाडे पेटवून दिले. फ्रेंचांनी उचलून नेलेल्या वस्तूंपैकी सव्वीस वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रान्सने परत केल्या. आवारातील डागडुजीमुळे कोणता भाग खुला आहे याची चौकशी मात्र आधी करावी.

हे सारे पाहताना एक गोष्ट विसरू नये. या वाड्यांचे वैभव मोठ्या प्रमाणावर शेजारच्या जमातींची माणसे विकून उभे राहिले. आगाजा राजाने १७२७ मध्ये उईदा जिंकले, ते या व्यापाराशी थेट संबंध यावा म्हणूनच. बेनिनचे लोक आज या दोन्ही गोष्टी एकाच संग्रहालयात मांडतात, याचा मला मनापासून आदर वाटतो.

सहावा दिवस आपल्या व्यवसायासाठी. अबोमेजवळच्या बोहिकोनपासून पंचाहत्तरेक किलोमीटरवर दासा-झूमे हे टेकड्यांनी वेढलेले गाव आहे आणि त्या परिसरात काजूच्या बागा आहेत. हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा जानेवारीऐवजी फेब्रुवारीअखेर गेलात तर बी गोळा होताना दिसेल. कच्च्या बीची निर्यात एप्रिल २०२४ पासून थांबवून ती देशातच फोडण्याचे धोरण तिथल्या सरकारने घेतले आहे. आपल्यासारख्या कारखानदाराला त्याचा परिणाम तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकता येईल.

शेवटचे दोन दिवस उईदासाठी. बाजारापासून समुद्रापर्यंतचा सुमारे चार किलोमीटरचा गुलामांचा मार्ग गाडीने न जाता सकाळी लवकर पायी चालावा. तो पुळणीवरच्या ‘न परतीच्या दारा’पाशी संपतो, ती कमान १९९५ मध्ये उभारली गेली. या किनाऱ्यावरून दहा लाखांच्या आसपास माणसे जहाजांत चढवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

वाहनासाठी चालकासह मोटार ठरवावी. सामायिक टॅक्सी स्वस्त असते, पण पाच आसनांत सहा-सात माणसे बसवतात. शहरात ‘झेमिजान’ ही भाड्याची मोटारसायकल सोयीची आहे. अंधार पडल्यावर महामार्गावर राहू नये, कारण दिवे नसलेले ट्रक जागोजागी उभे असतात.

प्रश्न : उईदा येथे पोर्तुगीजांचा किल्ला होता व तो गोव्याच्याच सुमारास गेला, असे वाचले. हे खरे आहे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : खरे आहे. फ्रेंच वसाहतीने वेढलेला साव जुआव बाप्तिस्ता द अजुदा हा छोटासा किल्ला आणि त्याभोवतीची थोडी जागा एवढाच मुलूख पोर्तुगाल तिथे राखून होता. दाहोमे, म्हणजे आजचे बेनिन, १ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाले. पुढच्या वर्षी त्या सरकारने ३१ जुलैपर्यंत किल्ला सोडण्याची मुदत दिली. तो ताब्यात देण्याऐवजी तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जाताना त्याला आग लावली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. गोव्याहून जाणाऱ्याने तर हा किल्ला मुद्दाम पाहावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे कसे जमेल? शिवाय कोणत्या लसी घ्याव्या लागतील?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फार अडचण येऊ नये, फक्त विचारून खावे. रस्सा भाजीचा दिसला तरी त्यात सुक्या कोळंबीची वा खारवलेल्या माशाची पूड असू शकते. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेला ‘आतासी’, तळलेली केळी आणि ‘आब्लो’ हे इडलीसारखे वाफवलेले, किंचित गोड वडे यांवर पोट भरते. आतासीवरचा रस्सा तेवढा वेगळा मागावा. फुलानी गुराख्यांच्या बायका ‘वागासी’ नावाचे पनीर करतात. ते आपल्या रुईच्याच जातीतल्या झुडपाच्या पाल्याने दूध फाडून केलेले असते आणि तळून छान लागते.

पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि घेतल्यावर दहा दिवसांनी तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. ते आता आयुष्यभर चालते. हे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापावरील प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. मुंबईहून अदिस अबाबामार्गे एकदाच विमान बदलून कोतोनूला पोहोचता येते. तिथे फ्रेंच भाषा चालते. एका युरोला सुमारे ६५६ सीएफए फ्रँक (तिथले चलन) हा दर बांधलेला असल्याने रोख युरो न्यावेत. १० जानेवारीच्या सुमारास वोडून (वूडू) या तिथल्या पारंपरिक धर्माचा राष्ट्रीय उत्सव असतो. त्या आठवड्यात उईदाला जायचे असल्यास मुक्कामाची जागा कित्येक आठवडे आधी ठरवावी आणि पूजास्थानी छायाचित्र घेण्यापूर्वी तिथल्या पुजाऱ्याची परवानगी मागावी.